दिसला, दिसला!

आमच्या साताऱ्याच्या पक्षीमंडळात टिकायचं तर एकच शब्द वेळेवर म्हणता आला पाहिजे, ‘दिसला!’

म्होरके काका दुर्बिणीतून डोळा न काढता कुजबुजतात, ‘‘ती जांभूळ... तिच्या मागची. बेचक्याच्या वर. पान हललं बघा!’’ जांभळीला पानं लाखभर, आणि वारा सगळ्यांना सारखाच. तेवढ्यात शेजारच्या काकू म्हणतात, ‘‘अय्या, दिसला!’’ मग मागे ‘दिसला, दिसला’ची रांगच लागते. शेवटच्याने ‘नाही’ म्हणणं म्हणजे अख्ख्या मंडळाचा चहा लांबवणं. एवढं पाप कोण घेईल? माझ्या वहीत स्वर्गीय नर्तकसुद्धा आहे.

मे महिन्यात कास ओलांडून बामणोलीला शिबिर होतं. कोयना अभयारण्यात रात्री राहू देत नाहीत, म्हणून तंबू शिवसागराच्या अलीकडच्या काठावर. संध्याकाळी तंबूवरच्याच फांदीवर राखी पाठीचा, पट्टेरी शेपटीचा पक्षी येऊन बसला. काका म्हणाले, ‘‘शिक्रा! शिकारी पक्षी!’’ या खेपेला तो मलाही खरोखर दिसला, त्यामुळे ‘दिसला’ जरा मोठ्यानेच निघालं. काकांनी डोळे वटारले. शिबिरात बोलायला बंदी होती.

पिठलं-भाकरी झाली, दिवे मालवले, आणि पावशा सुरू झाला. ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ आवाज चढत चढत जातो, आता याची शीर तुटणार असं वाटतं तिथं थांबतो, आणि आपला डोळा लागतोय तोच पुन्हा खालच्या पट्टीपासून. माझ्या नावावर गुंठाभर जमीन नाही. रात्री दोन वाजता मी काय पेरू? तीन माणसांचा म्हणून विकलेल्या त्या तंबूत दोन माणसं आणि काकांचं पोट एवढंच मावत होतं. त्यात काका दर हाकेला टॉर्च लावून वेळ टिपत होते. ‘‘आवाज तर मिळाला,’’ ते हळहळले, ‘‘पण हा कधी दिसत नाही हो.’’

सकाळी सामान वाहणारे मामा चहा घेऊन आले. काकांनी विचारलं, ‘‘मामा, रात्रीचा पावशा कुठं बसला होता?’’

‘‘कुटं म्हंजी? ह्याच फांदीवर. सांजच्याला समदी बघत न्हवता व्हय?’’

काकांनी घाईने पुस्तक उघडलं. पावशाचं रूप शिक्र्यासारखंच असतं, लहान पाखरंसुद्धा फसून पळतात, असं त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं. मग मामांवर घसरले, ‘‘अहो, मग तेव्हाच सांगायचं की!’’

‘‘तुमीच म्हनला न्हवं,’’ मामांनी कप पुढे केला, ‘‘हितं त्वांड उघडायचं न्हाई म्हून.’’