सचिनने शाळा बुडवली होती म्हणे!

जूनमध्ये शाळा उघडल्या की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. दरवर्षी शब्द थोडे बदलतात, गाभा तोच. रोज शाळेत गेलंच पाहिजे हे खूळ आहे. सचिनने शाळा बुडवून क्रिकेट खेळलं, आइनस्टाइन गणितात नापास झाला होता, बिल गेट्सने शिक्षण अर्धवट सोडलं. आता क्लास आहेत, यूट्यूब आहे. कोविडमध्ये शाळा बंद होत्या तरी सगळी पोरं पास झालीच की! 75 टक्के हजेरीचा नियम कागदावरच असतो आणि अगदीच अडलं तर सतरा नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा) आहे. तेव्हा मुलांच्या मागे लागू नका, दांडी मारणारी पोरंच पुढे नाव काढतात. शेवटी अर्थातच 'पटलं तर पुढे पाठवा'.

पटलं नाही, म्हणून हे लिहितोय. मी नववी-दहावीला गणित शिकवतो, त्यामुळे 'मास्तर असंच म्हणणार' असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

'सचिनने शाळा बुडवली'

सचिन दहावीला पास की नापास हा वाद बाजूला ठेवू. वांद्र्याची शाळा सोडून तो दादरच्या शारदाश्रममध्ये आला तोच मुळी क्रिकेटसाठी, आचरेकर सरांच्या सांगण्यावरून. म्हणजे शाळा टाळायला नव्हे, तर खेळायला मिळेल अशी शाळा हवी म्हणून. फेब्रुवारी 1988 मध्ये कांबळीबरोबर केलेली 664 धावांची भागीदारी हॅरिस शिल्डमधली, आणि ती शाळांचीच स्पर्धा. आता खरी गंमत. सचिनने स्वतः अनेकदा जाहीरपणे सांगितलेला एक किस्सा आहे. सरांनी त्याच्यासाठी सराव सामना ठेवला होता, आणि हा पठ्ठ्या तो सोडून वानखेडेवर शाळेच्या सीनियर संघाचा सामना बघायला गेला. सरांनी थोबाडीत दिली. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला जाऊ नकोस, असं खेळ की लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील, या अर्थाचं काहीतरी सुनावलं. सचिनच्या आयुष्यातली गाजलेली दांडी ही, आणि ती मारल्याबद्दल त्याला मार बसला. दांडीचं समर्थन करायला याहून चुकीचा माणूस सापडणं अवघड आहे. (थोबाडीत देण्याचं समर्थन मी करत नाहीये. आज कुणा शिक्षकाने तसं केलं तर नोकरी जाईल, आणि जायलाच हवी.)

'आइनस्टाइन, बिल गेट्स वगैरे'

आइनस्टाइन गणितात कधीच नापास झाला नाही. पंधरा वर्षांचा होण्याआधीच त्याचं कॅल्क्युलस शिकून झालं होतं. 1895 मध्ये झुरिकच्या पॉलिटेक्निकची प्रवेश परीक्षा त्याने ठरलेल्या वयाच्या आधी दिली आणि तो अडला तो गणित-विज्ञान सोडून इतर विषयांत. मग आराऊच्या शाळेत एक वर्ष काढून तो रीतसर पास झाला. तासांना दांड्या त्याने मारल्या हे खरं, पण त्या पुढे पॉलिटेक्निकमध्ये. तिथे त्याला तारलं मार्सेल ग्रोसमान या मित्राच्या वह्यांनी, आणि तो मित्र प्रत्येक तासाला बसायचा. शिवाय दांड्यांमुळे प्राध्यापक नाराज झाले. पदवीनंतर सोबतच्या मुलांना सहायकाची जागा मिळाली, याला नाही. ग्रोसमानच्या वडिलांनी शब्द टाकला तेव्हा 1902 मध्ये पेटंट कार्यालयात चिकटला. गेट्सने सोडलं ते हार्वर्ड, शाळा नव्हे. संगणकाला त्याचा पहिला हात लागला तो लेकसाइड शाळेतच.

'कोविडमध्ये शाळा बंद होत्या, काय बिघडलं?'

मेसेजमधला हा सगळ्यात पटण्यासारखा मुद्दा आणि सगळ्यात फसवाही. 2021 मध्ये दहावीचा निकाल 99.95 टक्के लागला, कारण त्या वर्षी परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि शाळेने केलेलं मूल्यमापन यावर निकाल लावला. काय बिघडलं हे पुढच्या वर्षी दिसायला लागलं. मुलांना वाचता येतं का, गणित येतं का हे तपासणाऱ्या, देशभरातल्या ग्रामीण भागाच्या 'असर' पाहणीत तिसरीतली दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं 2018 मध्ये 27.3 टक्के होती, 2022 मध्ये 20.5 टक्क्यांवर आली. हीच मुलं पुढे माध्यमिकला येतात.

तरी क्षणभर मान्य करू की शाळा बंद राहूनही जमेल तेवढं निभावलं. ते का निभावलं? कारण सगळेच घरी होते. 2022 च्या परीक्षेसाठी बोर्डाने 25 टक्के अभ्यासक्रम कमी केला, पेपरला जादा वेळ दिला, परीक्षा मुलांना त्यांच्याच शाळेत देता आली. वर्गात आम्हीही मागचं पुन्हा घेतलं. तुमचा मुलगा एकटा घरी राहिला तर बोर्ड काय कमी करणार आहे?

हा फरक अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात कुणीतरी मोजून पाहिला आहे. जोशुआ गुडमन या अर्थशास्त्रज्ञाने 2014 मध्ये तिथल्या बर्फवृष्टीच्या दिवसांचा अभ्यास केला. बर्फामुळे पूर्ण शाळाच बंद राहिली त्या वर्षी मुलांच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. शाळा चालू आहे पण काही मुलं बर्फामुळे आली नाहीत, तेव्हा मात्र गुण घसरले, विशेषतः गणितात. त्याचं स्पष्टीकरण कुठल्याही शिक्षकाला लगेच पटेल. सगळ्यांचा तास एकदम बुडाला तर शिक्षक तो धडा दुसऱ्या दिवशी घेतो. आज तीन मुलं नाहीत, उद्या वेगळी चार नाहीत, परवा आणखी दोन, तर वर्ग कुणासाठी थांबवायचा? आपल्याकडे जुलैमध्ये कलेक्टरांनी पावसाची सुट्टी जाहीर केली की माझं फारसं काही अडत नाही. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं म्हणून चौघे मॅच खेळायला गेले, तर अडतं. माझं नाही, त्या चौघांचं.

'क्लास आहेत, यूट्यूब आहे'

क्लासवाल्यांचं एक मला आवडतं. मूल एक दिवस आलं नाही तर संध्याकाळच्या आत पालकांच्या मोबाईलवर मेसेज येतो: आपला पाल्य आज अनुपस्थित आहे. हजेरीने काही होत नाही असं ज्यांच्या भरवशावर आपण म्हणतो, ते स्वतः हजेरीच्या बाबतीत असे काटेकोर असतात. त्यांना धंदा कळतो.

आता दांडीने नेमकं काय तुटतं ते बघा. दहावीच्या गणित भाग 2 मधलं पहिलं प्रकरण समरूपता. त्यात कोको कसोटी येते: दोन त्रिकोणांचे दोन-दोन कोन एकरूप असले की त्रिकोण समरूप. ऐकायला दोन मिनिटांचं काम. दुसऱ्या प्रकरणात काटकोन त्रिकोणात कर्णावर लंब टाकतो, त्याने झालेले दोन्ही लहान त्रिकोण मूळ त्रिकोणाशी समरूप आहेत हे याच कसोटीने दाखवतो. त्यावरून भूमितीमध्याचं प्रमेय, त्यावरून पायथागोरसची सिद्धता. तिसऱ्या प्रकरणात वर्तुळ. तिथे स्पर्शिका आणि छेदिका आल्या की पुन्हा दोन त्रिकोण, पुन्हा कोको. सहाव्यात त्रिकोणमिती, तिचाही पाया समरूप त्रिकोणच.

जुलैमध्ये कोको कसोटीच्या आठवड्यात जो वर्गात नव्हता, तो दिवाळीनंतर मला सांगतो, 'सर, वर्तुळ जमत नाही.' घरचे वर्तुळाचा क्लास लावतात. तो वर्तुळाचे व्हिडिओ बघतो. व्हिडिओतले सर म्हणतात, 'कोको कसोटीने हे त्रिकोण समरूप,' आणि पुढे जातात. पोरगं मान डोलावतं आणि पेपरात ती पायरी गाळतं. सिद्धतेत प्रत्येक विधानापुढे कंसात कारण लिहायचं असतं, आणि त्याचा गुण असतो. तिथे त्याचा कंस रिकामा. यूट्यूबवर सगळं आहे हे खरंच आहे, पण आपलं काय बुडालं हे ज्याला माहीत नाही त्याने शोधायचं काय? ज्याला ते अचूक माहीत असतं ते मूल बहुधा रोज वर्गात बसणारं असतं. विज्ञानाच्या 20 गुणांच्या प्रात्यक्षिकाचं तर बोलायलाच नको. क्लासच्या दोन खोल्यांमध्ये प्रयोगशाळा नसते.

'हुशार मुलाला फरक पडत नाही' असंही कुणी यात जोडतं. शिकागोच्या सरकारी शाळांमधल्या नववीच्या मुलांचा तिथल्या विद्यापीठातील संशोधकांनी अभ्यास केला, तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. नववीत कोण विषयात नापास होईल याचा अंदाज आठवीच्या चाचणीतल्या गुणांपेक्षा नववीच्या हजेरीवरून आठपट चांगला बांधता येत होता. आठवीत चांगले गुण घेतलेली मुलंही नववीत गैरहजर राहिली की घसरत होती.

'75 टक्क्यांचा नियम कागदावर'

कागदावर असतो, हे अनेक ठिकाणी खरं आहे. अकरावी-बारावीच्या 'इंटिग्रेटेड' (म्हणजे क्लासशी जोडलेल्या) कॉलेजांनी तर त्याची पार रया घालवली, इतकी की 2018 मध्ये विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. पण नियम पाळला जात नाही म्हणजे त्यामागचं कारण खोटं ठरत नाही. माझी तक्रार उलटी आहे. वर्षाचे कामाचे दिवस 220 धरले तर 25 टक्के म्हणजे 55 दिवस. एवढे दिवस बुडवूनही मूल नियमात बसतं! अमेरिकेत 10 टक्के दिवस बुडले की मूल धोक्यात आहे असं धरतात. आपल्या हिशेबाने ते 22 दिवस होतात, शाळेच्या महिन्याला जेमतेम दोन-अडीच. कॅटलॉगमध्ये, म्हणजे हजेरीपटात, 78 टक्के दिसले की आम्ही शिक्षकही निश्चिंत होतो, ही आमची चूक.

आणि 'पास तर सगळेच होतात' याबद्दल 2019 चा दहावीचा निकाल आठवा. त्या वर्षी नवा अभ्यासक्रम होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे 20 गुणांचे अंतर्गत मूल्यमापन काढून टाकलं होतं. निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. ओरड झाली, पुढच्या वर्षी ते गुण परत आले. नव्वदीतल्या निकालात काय काय मुरलेलं असतं याची कल्पना यावी.

'सतरा नंबरचा फॉर्म आहे की'

आहे, आणि असायलाच हवा. ज्यांची शाळा सुटली, कामाला लागले, लग्न झालं, त्यांच्यासाठी तो मोठा आधार आहे. पण 2025 मध्ये दहावीच्या नियमित विद्यार्थ्यांचा निकाल 94.10 टक्के आणि खासगी विद्यार्थ्यांचा 80 च्या आसपास. फरकाचं सगळं खापर गैरहजेरीवर फोडता येणार नाही, पण तो फॉर्म म्हणजे सोपी वाट नव्हे एवढं नक्की.

'दांडी मारणारी पोरंच नाव काढतात'

हे लिहिणाऱ्याने कॅटलॉग कधी हातात धरलेला नाही. त्याच्या डोळ्यांसमोर असतो तो बिनधास्त, हुशार, मास्तरांना टांग मारणारा हिरो. असतो असा एखादा. बाकीचे कोण? ऑक्टोबरात सोयाबीन काढायला थांबलेले. नोव्हेंबरात कापूस वेचायला गेलेले. बाजाराच्या वारी वडिलांच्या गाड्यावर बसलेला. दिवाळी झाली की आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेले, ते थेट हंगाम संपल्यावर दिसतात. काही मुली तर दिसतच नाहीत, लग्नच झालेलं असतं. मुलींच्या नावांपुढे दर महिन्याला तीन-चार दिवसांचा एक ठरावीक खंड पडतो. शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी आलं की तो कमी होतो, हे मी पाहिलं आहे. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण 2021 च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत संप चालला तेव्हा पास दाखवायचा कुणाला?

आणि जे खरोखर टांग मारतात, मधल्या सुट्टीनंतर कंपाउंडवरून उडी टाकतात, त्यांचं काय? सकाळी हजेरी लागलेली असते, त्यामुळे कागदावर ते हजरच. पाचव्या-सहाव्या तासाला कोणता विषय आहे बघा: बहुतेक वेळा गणित किंवा इंग्रजी. पोरगं आधी विषयातून सुटतं, मग वर्गातून. दांडीने अभ्यास बुडतो, हे अर्धंच खरं. अभ्यास समजेनासा झाला म्हणूनही दांडी पडते. अपमान व्हायला नको म्हणून पळतं, पळालं की आणखी मागे पडतं. अशा मुलाला पालकांना बोलावून सगळ्यांसमोर झापलं की ते आठवडाभर येतं, मग पुन्हा कंपाउंड. मला त्यातल्या त्यात उपयोगी पडलेलं एकच: परत आल्याच्या दिवशी काय बुडालं ते वहीत लिहून देणं आणि मधल्या सुट्टीत दहा मिनिटं तेवढंच घेणं. दर वेळी जमत नाही. वर्गात साठ-पासष्ट मुलं आणि वर मतदार यादीचं काम असेल तर मुळीच नाही. शिक्षकाची जागाच रिकामी असलेल्या शाळेतलं मूल 'तास होतच नाही' म्हणून घरी बसलं, तर त्याला मी दांडीबहाद्दर म्हणणार नाही.

ज्यांना तरीही मेसेज खरा वाटतो त्यांनी सहामाहीनंतर शाळेत यावं. कॅटलॉगमधली मुलाच्या गैरहजेरीची पानं आणि गणिताचा तपासलेला पेपर शेजारी ठेवू. कोणत्या तारखेला कोणता धडा झाला ते माझ्या टाचणवहीत असतं.