आमच्याकडे बल्ब टिकत नाहीत

पॅसेजमधला एलईडी बल्ब पुन्हा गेला. खोक्यावर 25,000 तास लिहिलं होतं. रोजचे तीन तास धरले तर जवळजवळ 23 वर्षं. आमच्याकडे त्याने वॉरंटी संपेपर्यंत दम धरला, एवढीच काय ती सभ्यता.

आमचं स्टूल डुगडुगतं, म्हणून ते धरायला वरच्या मजल्यावरचे काका हजर झाले. त्यांना बोलावलं कुणी, हे अजून उघडकीला आलेलं नाही. मी छताच्या गोल काचेच्या शेडशी झटत होतो. एक हात शेडखाली, दोन स्क्रू तोंडात. या अवस्थेतला माणूस उलट बोलू शकत नाही हे हेरूनच काकांनी तोंड उघडलं.

"तुमच्याकडे बल्ब टिकत नाहीत वाटतं?"

ज्या सुरात लोक 'त्यांच्याकडे कामवाल्या टिकत नाहीत' म्हणतात, अगदी त्याच सुरात.

"आमच्याकडे सात वर्षांत एक गेला नाही. सारखं चालू-बंद करता का?"

"म्म्."

"मग तेच! बल्ब दचकतो."

सीएफएलच्या बाबतीत यात तथ्य होतं; दर वेळी पेटताना तिच्या टोकाच्या तारा झिजायच्या. एलईडीला चालू-बंदचं फारसं सोयरसुतक नसतं. पण तोंडात स्क्रू असताना हे कसं सांगणार?

"आणि पॅसेजमध्ये इतकं जाता-येता कशाला? आम्ही एका खेपेत उरकतो."

शेवटी शेड उतरली, स्क्रू खिशात गेले आणि मी तोफ डागली. "काका, घात केला तो या शेडने. बल्बच्या होल्डरकडच्या टोपणात ड्रायव्हर असतो, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारं सर्किट, आणि त्यात वीज साठवणारा एक चिमुकला कपॅसिटर. त्याच्या पोटात द्रव असतो, तो उष्णतेने आटतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. बल्ब उलटा लटकलेला, म्हणजे सगळी धग वर टोपणाकडे, आणि शेड बंद, म्हणजे धगीला वाट नाही."

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "कारणं असतातच हो. पण तुमचा हातही जड आहे."

मग मेलेला बल्ब माझ्या हातातून घेऊन त्यांनी त्याची पांढरी टोपी नखाने खटकन उचकटली. आत गोल पत्रा, त्यावर नऊ पिवळे चौकोन, म्हणजे उजेड देणाऱ्या एलईडी चिप. एकाच्या मधोमध मोहरीएवढा काळा ठिपका. "हा बघा गुन्हेगार!" आता आली का पंचाईत! माझा कपॅसिटर निर्दोष सुटला. तरी धग खरीच होती. चिप कमी बसवायच्या आणि प्रत्येकीतून जास्त करंट दामटायचा, हा स्वस्तातला मार्ग. त्या एका ओळीत जोडलेल्या, त्यामुळे एक गेली की बाकीच्या आठ धडधाकट असूनही अंधारात. हे काकांना सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे जड हातच."

काकांच्या सात वर्षांचं गुपित मात्र मला ठाऊक आहे. त्यांच्याकडे संध्याकाळी टीव्हीच्या उजेडात वावरतात. कॅलिफोर्नियात लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात 1901 पासून एक बल्ब जळतोय, तोही असाच, जेमतेम चार वॉटवर मिणमिणत. तो कधी बंद करत नाहीत म्हणून टिकला, काकांचे कधी चालू करत नाहीत म्हणून.

पण काकांवर चिडून काय उपयोग? चीड त्या 25,000 ची येते. हा आकडा बहुधा चिपचा असतो, अख्ख्या बल्बचा नव्हे. चिपचा उजेड 70 टक्क्यांवर यायला लागणारे तास, एवढाच त्याचा अर्थ. तेही कुणी बसून मोजलेले नसतात. चिप सहा हजार तास, म्हणजे आठेक महिने, जळत ठेवतात आणि पुढचं गणिताने लांबवतात. सहापटीपर्यंत लांबवायची मुभा आहे. ड्रायव्हर मेला काय, जगला काय, या हिशेबात त्याला जागा नाही. 'बंद शेडमध्ये वापरू नये' हे असलंच तर तळाशी, भिंग घेऊन वाचण्याजोगं.

1924 मध्ये जिनिव्हात बल्बवाल्यांनी निदान एकत्र बसून, निर्लज्जपणे, बल्बचं आयुष्य हजार तासांवर आणायचं ठरवलं होतं. ज्याचा बल्ब जास्त टिके त्याला दंड. आता बैठकीचीही गरज उरलेली नाही. करंट थोडा कमी, चिप थोड्या जास्त, एवढं केलं तर बल्ब थंड राहील आणि चिक्कार टिकेल. पण मग दुसरा कोण घेणार? आणि एखादा वॉरंटीत गेलाच, तर बिल थर्मल कागदावरचं. त्यावरची अक्षरं बल्बच्या आधी विझलेली.

नवा बल्ब मी शेडशिवाय उघडाच ठेवलाय. काका जिन्यात भेटले की चारचौघांत विचारतात, "आहे ना अजून?" मी "आहे" म्हणतो. काल त्यांनी पुढे जोडलं, "पण उघडा बल्ब काही बरा दिसत नाही हो."