ड्रेन कॉकची मनधरणी

रेडिएटरने घर गरम ठेवायच्या यंत्रणेत बॉयलरचं कौतुक होतं, थर्मोस्टॅटवरून घरात भांडणं होतात, पण ड्रेन कॉकची, म्हणजे यंत्रणेतलं सगळं पाणी काढून टाकायच्या छोट्या तोटीची, आठवण कुणालाच नसते. तो असतो जमिनीलगत, पालथं पडल्याशिवाय दिसणार नाही अशा कोपऱ्यात. वीस-पंचवीस वर्षं काहीही न करता बसून राहणं हेच त्याचं काम, आणि ते तो इतक्या निष्ठेनं करतो की पुढं दुसरं काही करायला सांगितलं तर त्याला अपमान वाटतो.

यंत्रणा रिकामी करायची वेळ आली, की आधी बॉयलरची वीज बंद करून पाणी निवू द्यावं. मग नवं पाणी येण्याची वाट अडवायची. माळ्यावर छोटी टाकी असेल, तर तिच्यावर आडवी काठी ठेवून फ्लोटचा दांडा सुतळीनं वर बांधायचा. बंद यंत्रणा, म्हणजे अशी टाकी नसलेली, दाबाखाली चालणारी असेल, तर भरणीचे व्हॉल्व्ह बंद आहेत ना ते बघायचं. हे राहिलं, तर इकडून काढाल तेवढं पाणी तिकडून येत राहतं आणि तासाभरानं माणूस 'या भिंतीत विहीर आहे का?' असं विचारू लागतो.

कॉकच्या दातेरी तोंडावर अर्ध्या इंची होज, म्हणजे लवचीक नळी, चढवून क्लिप आवळावी. क्लिपशिवाय होज 'घट्ट बसलाय' असं म्हणणाऱ्यांच्या गालिच्याचं मला मनापासून वाईट वाटतं. दुसरं टोक घराबाहेर, कॉकपेक्षा खाली.

आता कॉकच्या स्पिंडलचं, म्हणजे फिरवून मागं-पुढं होणाऱ्या दांड्याचं, चौकोनी डोकं. त्याला बरोबर बसणारा पाना लावायचा. पक्कड लावली की कोपरे झिजतात, डोकं गोल होतं आणि गोल डोक्याशी वाद घालता येत नाही. दीड-दोन फेरे फिरवले. पाणी? थेंब नाही.

दोन शक्यता. पहिली साधी: वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरचे हवा सोडायचे स्क्रू अजून बंद आहेत. वरून हवा शिरल्याशिवाय खालून पाणी उतरत नाही. दुसरी अस्सल: स्पिंडलच्या टोकाचा रबरी वॉशर कडक होऊन सीटला, म्हणजे ज्या कडेवर टेकून तो पाणी अडवतो तिला, चिकटलाय. स्पिंडल मागं आला, वॉशर जागचा हलला नाही. इथं चिडून आणखी फेरे दिले, तर अख्खा स्पिंडल हातात येतो आणि मागोमाग पाणी. त्यापेक्षा कॉकच्या अंगावर हातोडीच्या दांड्यानं हलकेच टिचक्या माराव्यात. तेवढ्यानं भागलं नाही, तर होज काढून, खाली ट्रे सरकवून, तोंडातून पातळ तार घालून वॉशरला ढोसावं. चेहरा बाजूला ठेवावा. वॉशर सुटतो तेव्हा पूर्वसूचना देत नाही.

जे बाहेर येतं ते डांबराच्या चुलत भावासारखं असतं. रेडिएटरचं पोलाद आतून गंजतं, त्याचा हा काळा लोहगाळ. चुंबकाला चिकटतो, आणि कापडाला तर त्याहून जास्त. मध्यम घराच्या यंत्रणेत शंभरेक लिटर पाणी असतं, म्हणजे दहा लिटरच्या दहा बादल्या. होज नको, बादलीनंच काढतो म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. शिवाय बऱ्याच जुन्या कॉकना स्पिंडलभोवती सील नसतंच, त्यामुळे उघडा असेपर्यंत तो तिथूनही पाझरतो. ट्रे हलवू नये. मध्येच धार थांबली तर यंत्रणा रिकामी झाली असं समजू नये. बहुधा गाळ तोंडाशी बसलेला असतो.

पण खरी गंमत बंद करताना. उघडायला नकार देणारा कॉक आता मिटायलाही तयार नसतो, कारण त्या वॉशरचा भुगा झालेला असतो. म्हणून यंत्रणा रिकामी आहे तोवरच स्पिंडल काढून जुनं रबर खरवडायचं, सीट पुसायची, नवा वॉशर घालून आट्यांना थोडं सिलिकॉन ग्रीस लावायचं.

मग वर जाऊन जितके हवेचे स्क्रू उघडले तितके बोटांवर मोजून बंद करायचे. एक विसरला की वरच्या खोलीत काळं कारंजं उडतं. गंजरोधक द्रव घालून सावकाश पाणी भरायचं, हवा खालच्या मजल्यापासून वर काढत जायची. बंद यंत्रणेत थंड असताना दाब एक ते दीड बार.

रात्री कॉकखाली कोरडा पांढरा कागद ठेवावा. सकाळी त्यावर काळा ठिपका दिसला, तर स्पिंडल किंचित आवळायचा. किंचितच. जोर केला, तर नवा वॉशरही सीटवर कापला जातो, आणि नुकताच धुऊन वाळत घातलेला होज परत आणावा लागतो.