‘बायल्या’ शब्दाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘बायल्या’ ही बायकी पुरुषाला हिणवणारी शिवी आहे, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, शब्द जुना, गावरान आणि थट्टेतला आहे, त्याचा एवढा बाऊ कशाला? दोन, ज्या महाराष्ट्राने स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांना डोक्यावर घेतलं, तो बायकी पुरुषाला हिणवतो असं म्हणणं अन्यायाचं आहे.

शब्द जुना आहेच. पण तुकोबांच्या अभंगांत ‘बाईल’ म्हणजे सरळ बायको. गोव्याच्या कोकणीत ‘बायल’ आजही घरोघरी बोलतात आणि त्यात कुणाला काही उणं वाटत नाही. मग शिवी आली कुठून? पुरुषाने बाईसारखं असणं म्हणजे खाली घसरणं, या समजुतीतून. धाडसी बाईला ‘पुरुषासारखी’ म्हटलं की मात्र तो गौरव ठरतो! मोर्चेकरी अधिकाऱ्याच्या टेबलावर बांगड्या ठेवतात, तीही हीच शिवी. त्यात बायकाच पुढे असतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता बालगंधर्व. बालगंधर्व म्हणजे नारायण राजहंस १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि पुढे त्यांचं नेसणं, त्यांचे दागिने बघून घरंदाज बायका तसं नटू लागल्या. हे सगळं खरं. पण तो मान रंगमंचावरच्या भामिनीला, रुक्मिणीला होता. पांढरपेशा प्रेक्षकाने तो तमाशातल्या नाच्याला कधी दिला? बायका फडावर येण्याआधी लुगडं नेसून, चाळ बांधून नाचणारा पोऱ्याच फड राखत होता. बाई आली आणि नाच्या उरला तो हशा पिकवण्यापुरता.

सिनेनट गणपत पाटलांचं उदाहरण घ्या. कमरेवर हात, मुरका, लाडिक हेल. मराठी पडद्यावरचा नाच्या म्हणजे तेच. २००८ साली ते गेले. बायको-मुलं असलेला हा संसारी माणूस, पण लोक त्यांना खऱ्या आयुष्यातही ‘तसलाच’ समजत राहिले. या थट्टेची झळ त्यांच्या घराला लागली. आणि समजा, ते खरोखर तसे असते, तर? तरी ती झळ न्याय्य ठरली नसती. माझं सगळं म्हणणं या प्रश्नाभोवती आहे आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्याला उत्तर नाही.

शब्द कोशातून काढा, असं मी लेखात कुठेही म्हटलेलं नाही. कोशात तो राहू दे, त्यातल्या हेटाळणीची नोंद करून. पण रांगोळी सुरेख काढणाऱ्या, मऊ बोलणाऱ्या सातवीतल्या मुलाला मास्तरांनी वर्गासमोर त्या नावाने हाक मारावी, याला माझा विरोध आहे आणि तो राहील.