‘सेट’चं मूळ एक नाही
इंग्रजीतल्या ‘सेट’ (set) या शब्दावरच्या तुमच्या लेखात त्याचे सगळे अर्थ एकाच शब्दातून फुटले असं म्हटलंय, तिथे मी अडखळलो. ‘ठेवणे, बसवणे’ या अर्थाचं क्रियापद जुन्या इंग्रजीतलं, ‘सिट’चं (sit, बसणे) प्रयोजक रूप. आपलं बसणे-बसवणे तसंच. संस्कृत ‘सद्’ धातू त्याच कुळातला, म्हणजे संसद आणि परिषद हे शब्द त्याचे दूरचे नातलग. पण भांड्यांचा सेट, दागिन्यांचा सेट, यातला ‘संच’ हा अर्थ लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे आला. पुढे दोन्ही शब्द दिसायला सारखे झाले आणि अर्थही एकमेकांत मिसळले. १९८९च्या ऑक्सफर्ड कोशात एकट्या ‘सेट’ क्रियापदाचे ४३० अर्थ आहेत, ते काही उगाच नाही.

नातीला इंग्रजी शिकवताना मी असं करतो: अर्थांची यादी पाठ करून घेत नाही, ‘सेट’च्या प्रत्येक वापराला आपलं क्रियापद शोधायला लावतो. गजर ‘लावतात’, पेपर ‘काढतात’, हाड ‘बसवतात’, सूर्य ‘मावळतो’, दही ‘लागतं’. दह्यापाशी ती थांबली. म्हणाली, आजोबा, मग भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, त्याचं काय? तासभर आम्ही ‘लागणे’च घेऊन बसलो. ‘सेट’वर इतकं लिहिलंत, आता ‘लागणे’वरही सविस्तर लिहा, ही मनापासून विनंती.

आणि पुण्यात प्राध्यापक व्हायला निघालेल्या मुलांना ‘सेट’ म्हटलं की आधी विद्यापीठाची पात्रता परीक्षाच आठवते. पण ती ‘स्टेट एलिजिबिलिटी टेस्ट’ची आद्याक्षरं, ती या हिशेबात धरू नयेत.