रुंद रस्ता म्हणजे चांगली वसाहत? एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

नव्या निवासी वसाहतीत भूखंड घेऊ पाहणाऱ्यांमध्ये एक संदेश हल्ली फार फिरतो आहे. त्याचा आशय असा: आतला रस्ता जितका रुंद तितका तो सुरक्षित; अग्निशामक बंब आत यायचा तर रुंदी हवीच; घर बंद टोकाच्या रस्त्यावर असले की शांतता आणि सुरक्षितता आपोआप मिळते; भूखंड मोठे असले की सार्वजनिक सोयींवरचा भार हलका होतो; आणि रस्ता आजच रुंद बांधला तर उद्या वाहने वाढल्यावर तो पुरतो. ही विधाने ऐकायला रास्त वाटतात आणि त्यांतल्या काहींत तथ्याचा अंशही आहे. मात्र त्यांतून काढलेला निष्कर्ष, म्हणजे अभिन्यासाची (वसाहतीतल्या रस्ते-भूखंडांच्या आखणीची) गुणवत्ता रस्त्याच्या मीटरांवरून जोखावी हा, टिकणारा नाही.

सुरक्षिततेच्या विधानाआधी एक गोंधळ दूर करायला हवा. अभिन्यासात रस्त्याची तीन निरनिराळी मापे असतात: वाहने चालतात तो वाहनमार्ग, वाहनमार्गासह पदपथ, गटार, झाडे आणि भूमिगत वाहिन्या सामावणारी रस्त्याची एकूण जागा, आणि समोरासमोरच्या घरांच्या दर्शनी भिंतींमधले अंतर. घरांना उजेड आणि वारा मिळतो तो तिसऱ्या मापामुळे. ब्रिटनमध्ये 1875 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर आलेल्या उपविधींनी कोंदट, दाटीच्या वस्त्यांवर उपाय म्हणून वाहनांच्या रस्त्यांसाठी साधारण 36 फूट रुंदीची अट रूढ केली. हेतू रास्त होता. पण ती अट गर्दीच्या आणि निवांत रस्त्यांना सरसकट लागू झाल्याने मोजकी घरे असलेल्या रस्त्यावरही तेवढीच जमीन खर्ची पडू लागली. लंडनजवळच्या हॅम्पस्टेड गार्डन सबर्बसाठी 1906 मध्ये खास कायदा करून घेतला गेला, आणि त्याने ठराविक लांबीपर्यंतच्या अंतर्गत रस्त्यांना 20 फूट रुंदीची मुभा दिली. घरे एकमेकांपासून लांब ठेवण्याची अट मात्र तिथे कायम होती. उजेडासाठी अंतर लागते, डांबर लागत नाही, हे तेव्हाच्या नियोजनकारांना नेमके उमगले होते.

आता सुरक्षितता. चालक आपला वेग फलकावरच्या आकड्यावरून कमी आणि समोर दिसणाऱ्या मोकळ्या जागेवरून जास्त ठरवतो. प्रतिसादाला दीड सेकंद लागतो आणि रस्ता कोरडा आहे असे धरले, तर ताशी 30 किलोमीटर वेगातली गाडी थांबायला सुमारे 18 मीटर घेते. ताशी 50 च्या वेगात हेच अंतर जवळजवळ 35 मीटर होते. शिवाय रस्ता ओलांडणाऱ्याचा मार्गही लांबतो. सेकंदाला 1.2 मीटर चालणारा माणूस 6 मीटरचा वाहनमार्ग 5 सेकंदांत पार करतो, 12 मीटरच्या वाहनमार्गावर तो 10 सेकंद गाड्यांच्या वाटेत राहतो, आणि लहान मूल किंवा वृद्ध त्याहून अधिक काळ. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या लाँगमाँट शहरात पीटर स्विफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 20,000 अपघातांच्या नोंदी तपासल्या. 1997 मध्ये मांडलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार निवासी रस्त्यांवर इजा करणाऱ्या अपघातांचा संबंध वाहनमार्गाच्या रुंदीशी ठळकपणे दिसत होता आणि साधारण 24 फुटांचे रस्ते सर्वांत सुरक्षित ठरत होते. हा एका शहराचा अभ्यास आहे आणि सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे मान्य. पण जास्त रुंदी म्हणजे जास्त सुरक्षितता या विधानाच्या बाजूने तो बोलत नाही, एवढे नक्की.

रुंदीइतकाच परिणाम करणाऱ्या दोन गोष्टींचा या संदेशात उल्लेखही नाही. पहिली म्हणजे चौकातल्या कोपऱ्याची गोलाई. तिची त्रिज्या मोठी ठेवली की गाडी वेग न आवरताच वळते आणि पादचाऱ्याचे ओलांडण्याचे अंतरही वाढते. दुसरी म्हणजे रस्ते एकमेकांना कसे मिळतात ती रचना. दोन दुपदरी रस्त्यांच्या चौरस्त्यावर वाहनांचे मार्ग एकमेकांना छेदण्याचे, मिळण्याचे किंवा फुटण्याचे 32 बिंदू असतात, तर तिठ्यावर केवळ 9. म्हणूनच आतल्या रस्त्यांसाठी जवळपास काटकोनात मिळणारे आणि एकमेकांपासून पुरेसे सरकवलेले तिठे चांगले मानले जातात.

अग्निशामक बंबाचा मुद्दा गंभीर आहे, त्याला टाळून चालणार नाही. पण बंबाला मोकळी वाट लागते, आणि मोकळी वाट व बांधलेली रुंदी यांत फरक आहे. इंटरनॅशनल फायर कोड या अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या अग्निसुरक्षा नियमावलीत बंबाच्या मार्गासाठी सर्वसाधारणपणे 20 फूट, म्हणजे सुमारे 6 मीटर, अडथळाविरहित रुंदीची अट आहे. ब्रिटनच्या 2007 च्या निवासी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत बंब उभा करून काम करण्याच्या जागी 3.7 मीटर रुंदी धरली आहे. 9 मीटरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना वाटेल तशा गाड्या लावल्या तर वाट अडते, आणि 6 मीटरच्या रस्त्यावर गाड्या लावण्यास खरोखर मनाई असेल तर बंब विनासायास जातो. अमेरिकेतील ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराने 1991 मध्ये निवासी रस्त्यांसाठी एका बाजूला वाहनतळ असल्यास 20 फूट आणि दोन्ही बाजूंना असल्यास 26 फूट रुंदी मान्य केली, ती अग्निशमन विभागाला सोबत घेऊनच. प्रत्यक्षात बंब अडकतो तो बहुधा बंद टोकाशी, कारण तिथे वळायला जागा नसते. वर उल्लेखलेल्या फायर कोडनुसार 150 फुटांहून लांब बंद मार्गावर बंब वळवण्याची सोय लागते, आणि एक-दोन कुटुंबांच्या घरांची संख्या 30 च्या पुढे गेली की सामान्यतः दुसरा प्रवेशमार्ग लागतो. बंबाच्या नावाने रुंदी मागणाऱ्या याच संदेशाने पुढच्या ओळीत बंद टोकाची भलामण करावी, हे जरा गमतीचेच आहे.

बंद टोकाच्या रस्त्यावर परक्या वाहनांची ये-जा नसते, हे खरे. पण प्रत्येक गल्ली बंद केली की सगळी वाहतूक एकाच मोठ्या रस्त्यावर लोटली जाते, आणि तिथली घरे इतरांच्या शांततेची किंमत मोजतात. पाठीला पाठ लागलेल्या दोन घरांतल्या मुलांना एकमेकांकडे जायलाही मोठ्या रस्त्याने वळसा पडतो. 1929 मध्ये न्यू जर्सीत क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट या नियोजनकारांनी आखलेल्या रॅडबर्न वसाहतीत बंद टोकाचे रस्ते होते, पण घरांच्या दुसऱ्या बाजूने पायवाटा बागेत जात होत्या आणि मोठ्या रस्त्याखालून भुयारी वाटही होती. पुढे 1930 च्या दशकात अमेरिकेच्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी संस्थेने गृहकर्जांच्या विम्याच्या जोरावर वळणदार आणि बंद टोकांच्या रस्त्यांना प्रोत्साहन दिले. अनेक विकासकांनी त्यांतून बंद टोक तेवढे उचलले आणि पायवाट सोडून दिली. गल्लीच्या टोकाला दोन भूखंडांमधून 3 मीटरची पायवाट ठेवली तर वाहने थांबतात आणि माणसे पुढे जातात, हा उपाय आजही तितकाच सोपा आहे.

मोठ्या भूखंडांबद्दल थोडक्यात. रस्ता, जलवाहिनी, मलवाहिनी आणि दिव्यांची लांबी भूखंडाच्या क्षेत्रफळापेक्षा त्याच्या दर्शनी रुंदीवर ठरते. 12 बाय 30 आणि 18 बाय 20 मीटरचे दोन्ही भूखंड 360 चौरस मीटरचे. पण दोन्ही बाजूंना घरे धरता पहिल्याच्या वाट्याला 6 मीटर रस्ता येतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला 9 मीटर. 100 घरांच्या वसाहतीत हा फरक 300 मीटर रस्त्याचा होतो. कोपऱ्याच्या भूखंडाला दोन बाजूंनी समासिक अंतर (हद्द आणि बांधकाम यांमधली मोकळी जागा) सोडावे लागत असल्याने तो अधिक रुंद हवा, आणि मागेपुढे दोन्हीकडे रस्ता असलेले भूखंड शक्यतो टाळावेत, कारण त्यांतल्या एका रस्त्याकडे घरे पाठ फिरवतात आणि त्यावर कोणाचीच नजर राहत नाही.

उरला भविष्याचा मुद्दा. जागा राखून ठेवावी याविषयी वाद नाही. ती आजच डांबरी करावी काय, हा प्रश्न आहे. 600 मीटर लांबीच्या रस्त्यावर वाहनमार्ग 6 ऐवजी 9 मीटर केला तर 1,800 चौरस मीटर पृष्ठभाग वाढतो आणि 25 मिलिमीटर पावसात त्यावरून सुमारे 45,000 लिटर जादा पाणी गटारात येते. पृष्ठभागाचे प्रत्येक नूतनीकरणही त्या हिशेबाने महागते, आणि रस्ता हस्तांतरित झाल्यावर तो खर्च विकासक करत नाही. तीच 3 मीटर पट्टी झाडांसाठी आणि पाणी मुरण्यासाठी ठेवली, तर गरज पडेल तेव्हा ती वाहनमार्गात घेता येते. अर्थात बस जाणारा, अनेक गल्ल्यांची वाहतूक गोळा करणारा वसाहतीचा मुख्य रस्ता याला अपवाद आहे. त्याचा वाहनमार्ग सुरुवातीलाच पुरेसा हवा. त्यामुळे अभिन्यास पाहताना रस्त्यावर लिहिलेला एकच आकडा पुरत नाही. प्रत्येक प्रकारच्या रस्त्याचा आडवा छेद, म्हणजे रस्ता रुंदीत कापल्यावर दिसेल तसे रेखाचित्र, मागावा, आणि त्यात वाहनमार्ग, वाहनतळ, पदपथ व झाडांची पट्टी स्वतंत्र मापांनी दाखवलेली नसेल तर ती लेखी मागून घ्यावी.