घरचंच आहे, मग नियम कशाला?

दिवाळीला महिना-दीड महिना उरला की इंदूरच्या मराठी घरांत, रामबागेपासून राजेंद्रनगरापर्यंत, व्हॉट्सअॅपवर एकच निरोप फिरू लागतो: 'घरगुती फराळ मिळेल. ऑर्डर लवकर द्यावी.' यंदा तुम्हीही उतरणार असाल तर पहिली गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. या धंद्याचं भांडवल भाजणी नाही, तूप नाही, हाताची चव तर नाहीच. भांडवल आहे 'घरगुती' हा शब्द. तो एकदा निरोपात आला की कायदा दाराबाहेर चपला काढून उभा राहतो, अशी आपली पक्की समजूत आहे. तिला धक्का लागेल असं काही वाचू नका. विशेषतः २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा. त्याच्या कलम ३१ मध्ये छोट्या उत्पादकांना परवाना माफ केलाय, पण नोंदणी सांगितलीय. 'स्वतःच्या ओट्यावर करणाऱ्यांना नोंदणीही माफ' हे वाक्य त्यात शोधत बसलात तर अनारशाचं पीठ आंबून जाईल.

छोटा कोण? २०११ च्या नियमांनी मुळात वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्याला छोटा म्हटलं आणि त्याची फी ठेवली वर्षाला १०० रुपये. 'फॉसकॉस' नावाच्या सरकारी पोर्टलवर 'अ' नमुन्याचा अर्ज, फोटो, ओळखपत्र. पाच वर्षांचे एकदम भरले तरी ५०० रुपये होत, म्हणजे किलोभर काजूंपेक्षा कमी. इतक्या स्वस्तात मिळणाऱ्या गोष्टीला समाजात मान नसतो. म्हणून एखादा एजंट गाठा आणि त्याच कामाचे त्याला दोन-तीन हजार द्या. त्याने अर्जात तुमच्या चकलीसमोर भलताच खाद्यप्रकार टाकला तरी हरकत नाही, अर्ज तुम्ही वाचणार थोडेच आहात?

मुदतींबद्दल तर बोलूच नका. अर्ज पोचल्यावर सात दिवसांत नोंदणी द्यायची, कारण लिहून नाकारायची किंवा तपासणीची नोटीस काढायची. तपासणी ठरली तर निकाल तीस दिवसांत. यातलं काहीच झालं नाही तर अर्जदाराने धंदा सुरू करावा, असं त्याच नियमांत लिहिलंय. हे चार लोकांना कळलं तर 'सरकारी ऑफिसांत खेटे घालून थकलो' म्हणायची सोय जाईल.

एजंटही नको असेल तर तिसरा मार्ग आहे: ओळखीच्या किराणावाल्याचा परवाना-नंबर आपल्या पाकिटावर छापा. नंबर १४ आकडी असतो, कोण मोजतंय! फक्त एक बारीक अडचण आहे. परवान्याचा नंबर १ ने सुरू होतो, नोंदणीचा २ ने, आणि तोच नंबर पोर्टलवर टाकला की मालकाचं नाव-पत्ता उघडतो. गिऱ्हाईक 'काकूंच्या करंज्या' शोधायला जाईल आणि समोर येईल अमुकतमुक ट्रेडर्स. तेव्हा 'ते आमचे दीर' असं सांगायचं.

आता स्वयंपाकघर. त्याच नियमांच्या चौथ्या परिशिष्टात नखं कापलेली हवीत, कामाच्या वेळी अंगठ्या-बांगड्या नकोत, पाणी पिण्याजोगं हवं, आजारी माणसाने अन्नाला हात लावू नये, कीटकनाशकं वेगळी ठेवावीत, असल्या गोष्टी आहेत. नर्मदेचं पाणी बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड येतं आणि मधल्या दिवशी टाकीचं वापरतात. टाकी शेवटची कधी धुतली हे आठवू नका, उगाच मन खट्टू होतं. आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येत आलंय. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे आपण साऱ्या देशाला शिकवलं. फ्रिजमध्ये मात्र मळलेली कणीक, कालची आमटी, कच्चं दूध आणि विक्रीचं श्रीखंड एकाच कप्प्यात, मांडीला मांडी लावून.

गॅस लालच वापरा. लाल सिलिंडर १४.२ किलोचा, घरातल्या स्वयंपाकासाठीचा. धंद्याचा १९ किलोचा, निळा. घरगुती गॅस धंद्याला वापरू नये असं २००० सालच्या आदेशात आहे, पण आपली चकलीच घरगुती, मग गॅस कसा नसेल?

तेलाच्या बाबतीत मात्र जरा शास्त्र पाळा: ते कधीच बदलू नका. आधी शंकरपाळी, मग शेव, मग चकली, शेवटी चिवड्याचे शेंगदाणे. दर घाण्यागणिक पिठाचे कण तळाशी बसून जळतात, तेल काळवंडतं, फेस धरतं आणि पहिल्यापेक्षा कमी आचेवर धुरावतं. गाळून घेतलं तर ते जास्त टिकतं, पण मग ती 'मुरलेली चव' कुठून येणार! तेल पुन्हापुन्हा तापून त्यात साठणारी ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांपुढे गेली की ते तेल वापरायचं नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. ती मोजायचं यंत्र तुमच्याकडे नाही. नाक आहे, पण सर्दी झालीय.

तळून झालं की लगेच भरा, गरम असतानाच. पिशवीच्या आत वाफेचे थेंब जमतात, चकली रात्रीतून सादळते आणि गिऱ्हाईक म्हणतं, यंदा मोहन जास्त झालं वाटतं. म्हणू द्या. मोहन जास्त झालं असतं तर चकली कढईतच विरघळली असती, हे त्याला माहीत नाही. पिशवी पारदर्शक घ्या आणि खिडकीत उन्हाला मांडा: उजेडाने तेल खवट होतं, पण फोटो छान येतो. करंज्यांखाली वर्तमानपत्र अंथरा. छपाईची शाई अन्नात उतरते म्हणून २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी अन्न वर्तमानपत्रात बांधायला मनाई केली. पण इंदुरात कागदावरचे पोहे जिरावण मसाल्यासकट खाऊन, खालची बातमी वाचूनच ज्यांची सकाळ उजाडली, त्यांना नवं काय सांगायचं, भिया!

लेबल ही खरी जोखमीची जागा, म्हणून लावूच नका. लावायचंच असेल तर नाव, निव्वळ वजन, किंमत, पत्ता, बॅच, तारखा, हिरवा ठिपका, नोंदणी क्रमांक हे सगळं गाळून फक्त गणपतीचं चित्र टाका. घटकपदार्थ लिहायला गेलात की घात होतो. नियम म्हणतो, वजनाने जे सर्वांत जास्त ते आधी, मग उतरत्या क्रमाने. 'साजूक तुपातली शंकरपाळी' असं वर मोठ्या अक्षरांत आणि खाली मैदा, साखर, पामतेल, तूप असा क्रम आला, तर तुमचं पाकीटच तुमच्याविरुद्ध साक्ष देतं. शिवाय गहू, दूध, शेंगदाणे, काजू-बदाम यांची अॅलर्जी असणाऱ्यांसाठी वेगळी सूचना छापावी लागते. चिवड्यात शेंगदाणा दिसतोच की, असं तुम्ही म्हणाल. लाडवात कूट दिसत नाही, एवढंच. चुकीच्या लेबलाला कलम ५२ खाली ३ लाखांपर्यंत दंड आहे. मेथीच्या लाडवांवर 'शुगरवर रामबाण' लिहिलंत तर प्रकरण कलम ५३ मध्ये, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत जातं, आणि तिथे आकडा १० लाखांपर्यंत चढतो. 'डॉक्टरांनी सुचवलेले' हेही चालत नाही, डॉक्टर तुमचा सख्खा भाचा असला तरी. आणि ज्याच्या जिवावर आपण उभे आहोत त्या 'घरगुती' शब्दावरही २०१८ च्या दाव्यांच्या नियमांची नजर आहे: गिऱ्हाइकाचा गैरसमज होईल असा तो वापरू नये. म्हणजे बाहेरच्या कारखान्यातून पोत्याने आणलेली शेव घरी पाव-पाव किलोत भरली, तर घरगुती फक्त भरणं.

प्रमाण अंदाजपंचे ठेवा. आजीने कधी वजन केलं नव्हतं. इथे थोडा हिशेब घालतो, आवडला नाही तर सोडून द्या. साध्या श्रीखंडात निदान ५८ टक्के घन भाग (पाणी वगळून उरतं ते) हवा, आणि त्या सुक्या भागात साखर ७२.५ टक्क्यांहून जास्त नको. एक किलो चक्क्यात ३० टक्के, म्हणजे ३०० ग्रॅम घन भाग धरा. बरोबरीने एक किलो साखर घातलीत, तर सुका भाग झाला १३०० ग्रॅम आणि त्यात साखर जवळजवळ ७७ टक्के. नापास. साखर ७५० ग्रॅम घातलीत तर ७१ टक्क्यांच्या आसपास आणि घन भाग ६० टक्के: पास. पण चक्का महाग, साखर स्वस्त, आणि 'गोड आवडतं हो आमच्या गिऱ्हाइकांना.' तेलातल्या लोणच्याचंही तसंच. फोडी निदान ६० टक्के हव्यात, आणि एक तर वर अर्धा सेंटिमीटर तेलाचा थर किंवा एकूण १० टक्के तेल. बरणीत पट्टी घालून मोजणारा गिऱ्हाईक अजून जन्माला आलेला नाही.

पाडव्याचं श्रीखंड ५ अंशांखाली राहावं लागतं. ते स्कूटरच्या डिकीत ठेवून राजेंद्रनगरहून विजयनगरला न्या, वाटेत दोन ठिकाणी चहाला थांबा. पोचेपर्यंत त्याचं पियूष झालेलं असतं. ते वेगळं विका.

एवढं सगळं नीट केलंत की एखाद्या दिवशी खाद्य सुरक्षा अधिकारी येतात. घाबरू नका, शेजारी पाहत असतात. ते नमुना घेणार असल्याची नोटीस देतील, नमुन्याचे चार भाग करून सील करतील आणि तुमची सही मागतील. सही नाकारलीत तर साक्षीदार बोलावतील, आणि साक्षीदार म्हणून समोरच्या काकू आनंदाने येतील, त्यांचाही फराळाचाच धंदा आहे. एक भाग अन्न विश्लेषकाकडे, दोन वरिष्ठांकडे. चौथा तुम्ही मागणी केलीत तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे. मागणी करू नका, निकाल तुम्हाला आधीच माहीत आहे. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो.

आणि हो, नमुन्याची किंमत ते बाजारभावाने देतात, तसं कायद्यातच आहे. संकोच न करता मोजून घ्या. बाकी सगळ्यांनी 'दिवाळी झाली की देतो' म्हटलंय. हंगामातलं रोखीचं गिऱ्हाईक हे एकच.